ठेवलेलं नाव आणि लावलेलं नाव

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन मी एका सरकारी कचेरीच्या खिडकीशी पाच खेपा घातल्या. आजोबांचं बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर विकायचं ठरलं होतं आणि त्यात दोघा मामांबरोबर आईचाही हिस्सा आहे. मामांचे कागद पहिल्याच दिवशी आत गेले. आईची फाइल मात्र दर वेळी परत आली. पेढीनाम्यात, म्हणजे वारसांच्या वंशावळीच्या कागदात, आजोबांच्या मुलीचं जे नाव आहे, ते आईच्या आधार कार्डावर नाही. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, रेशन कार्ड सासरच्या नावाचं. १९७४ साली लग्न झालं तेव्हा परातीतल्या तांदळात बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि ज्या नावाने ती एकवीस वर्षं वाढली, शिकली, मॅट्रिक झाली, ते नाव त्या संध्याकाळी बंद झालं.

खिडकीतला मुलगा सभ्य होता. आईला मासी म्हणायचा. चौथ्या खेपेला आई त्याला काकुळतीने म्हणाली, "भाई, ए हुं ज छुं." ती मीच. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मासी, मने तो देखाय छे. कागळने नथी देखातुं." मला दिसतंय, कागदाला दिसत नाही. मग त्याने सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, करून आणायला सांगितलं.

त्या सोगंदनाम्यातलं कामाचं वाक्य एकाच ओळीचं असतं: अमुक नावाची बाई आणि तमुक नावाची बाई या दोन नसून एकच आहेत. हे वाक्य वाचून मला गॉटलोब फ्रेगे हा जर्मन तर्कज्ञ आठवला. १८९२ सालच्या एका निबंधात त्याने नेमका हाच प्रश्न धरला होता. पहाटे पूर्वेला दिसणारी चांदणी आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी चांदणी हा एकच शुक्र. 'पहाटेची चांदणी म्हणजे पहाटेची चांदणी' हे सांगायला आकाशाकडे बघावंही लागत नाही. 'पहाटेची चांदणी म्हणजेच संध्याकाळची चांदणी' हे मात्र कुणीतरी शोधून काढावं लागलं. वाक्यं दोन्ही एकाच ग्रहाबद्दलची, मग एक पोकळ आणि दुसरं ज्ञान देणारं कसं? फ्रेगे म्हणाला, नाव नुसतं वस्तूकडे बोट दाखवत नाही, ती वस्तू कोणत्या रूपाने आपल्यापुढे येते तेही नावाबरोबर येतं.

मामांना 'मी म्हणजे मी' एवढंच सांगायचं होतं. आईला खगोलशास्त्रज्ञासारखा शोध सिद्ध करायचा होता. शुक्राची दोन रूपं आकाशाने केली, आईची दोन रूपं आपण एका समारंभात केली. ती तशी करावीत का, आणि केलीच तर त्याचा भार कुणी उचलावा, हा माझा प्रश्न आहे. हा माझ्या एका घरचा प्रश्न नाही. बडोद्याच्या मराठी वस्तीत साठीपुढच्या बायकांना विचारून पाहा, जिला दोन नावं नाहीत अशी क्वचितच भेटेल.

मराठीत नावाभोवती पुष्कळ क्रियापदं आहेत. नाव घेतात, नाव काढतात, नाव टाकतात. पण मुख्य दोन: नाव ठेवतात आणि नाव लावतात. 'मुलीचं नाव काय ठेवलं?' असं आपण विचारतो, आणि 'ती कुणाचं नाव लावते?' असंही विचारतो. या दोन प्रश्नांची सरमिसळ कुणी करत नाही. ठेवलेलं नाव बारशाला ठेवतात. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याच्या खालून वरून फिरतं, आत्या त्याच्या कानाशी वाकून कुर्र करते आणि नाव सांगते. त्या घटकेला त्या बाळाबद्दल कुणालाही काही ठाऊक नसतं. ते हुशार निघेल की हूड, देशात राहील की परदेशात जाईल, काही नाही. तरी नाव बसतं आणि बसून राहतं. लावलेलं नाव माहिती सांगतं: कुणाची मुलगी, कुणाची बायको, कोणत्या घरची. ती माहिती पुढे बदलू शकते. मला एवढंच म्हणायचं आहे की ठेवलेलं नाव माणसाचं असतं आणि लावलेलं नाव नात्याचं, आणि नातं बदललं म्हणून ठेवलेल्या नावाला हात लावायचा अधिकार घरालाही नाही, कचेरीलाही नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली लिहिलं की विशेषनामं वस्तू दाखवतात, तिचे गुण सांगत नाहीत. त्याचं उदाहरण डार्टमथ गावाचं होतं. डार्ट नदीच्या मुखाशी म्हणून ते नाव पडलं, पण उद्या भूकंपाने नदीचा प्रवाह सरकला तरी गावाचं नाव सरकणार नाही. बडोद्याला हे समजावून सांगावं लागत नाही. राष्ट्रकूट काळातल्या ताम्रपटात या जागेचं नाव वटपद्रक असं येतं. वडावरून पडलेलं नाव. शहरातला शेवटचा वड पडला म्हणून बडोद्याचं बडोदेपण जाणार आहे का? आणि मिलच्या कितीतरी आधी आपल्या बायकांनी ते एका ओळीत सांगून ठेवलं आहे: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. या म्हणीतली बाई कथलाचा वाळा घालूनही सोनूबाईच राहते, म्हणून तर म्हण चालते. नावाचा अर्थ खोटा ठरला तरी नाव खोटं ठरत नाही.

बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञाला हे पटलं नाही. आपण रोज वापरतो ती नावं म्हणजे दडवलेली वर्णनं आहेत, असं त्याने १९०५ नंतर मांडलं. अॅरिस्टॉटल म्हटलं की मनात 'सिकंदराचा गुरू' असं काहीतरी असतं, नाव हे त्याचंच संक्षिप्त रूप. जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टनला सॉल क्रिपकी या एकोणतीस वर्षांच्या तर्कज्ञाने हातात टिपण न घेता तीन व्याख्यानं दिली आणि हा विचार मुळापासून हलवला. त्याचा युक्तिवाद मला सयाजीरावांच्या आधाराने जास्त स्पष्ट दिसतो.

नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळराव हा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. आता हे वाक्य बघा: 'सयाजीराव दत्तक गेले नसते, तर कवळाण्यात शेती करत राहिले असते.' वाक्य सरळ आहे, कुणालाही कळतं. पण त्या दुसऱ्या आयुष्यात तो माणूस महाराज नसता, बडोद्याचा नसता, त्याला कुणी सयाजीराव म्हटलंही नसतं. तरी 'सयाजीराव' हा शब्द आपल्याला थेट त्याच मुलापर्यंत नेतो. आता नावाच्या जागी वर्णन घाला: 'बडोद्याचे महाराज दत्तक गेले नसते तर'. लगेच शंका येते, कोणते महाराज? तो गेला नसता तर दुसरा कुणी महाराज झाला असता, त्याच्याबद्दल बोलताय का? वर्णन परिस्थितीबरोबर सरकतं, नाव माणसाला धरून बसतं. आणि ते धरून कसं बसतं? क्रिपकी म्हणतो, एक नामकरण आणि मग साखळी. आत्याकडून आईकडे, आईकडून शेजारणीकडे, शेजारणीकडून शाळेच्या मास्तरांकडे. साखळीतल्या कुणालाही त्या माणसाचं नेमकं वर्णन करता येण्याची गरज नसते. आदल्याकडून जसं मिळालं तसं, त्याच माणसासाठी वापरलं की पुरे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो सगळ्यात कसाचा आहे. नावाला अर्थच नसेल, ती नुसती खूणचिठ्ठी असेल, तर ती बदलली म्हणून काय बिघडलं? एक चिठ्ठी काढून दुसरी लावली. मी स्वतः बरेच दिवस या प्रश्नावर अडले होते. आता मला उलटं दिसतं. वर्णन मोडलं तर ते परत शोधता येतं. 'दांडिया बाजारातल्या घरमालकाची मुलगी' हे आजही तपासता येईल. नावाजवळ तसलं काहीच नसतं. त्याची सगळी पुंजी म्हणजे ती साखळी. ती तोडली की मागे उरतात नुसती अक्षरं, आणि त्या अक्षरांवरून माणूस सापडत नाही. अर्थ नसतो म्हणूनच नाव जपायचं असतं.

मग गोपाळरावांचं काय, त्यांचंही नाव बदललंच की. बदललं, पण राजवाड्याच्या दफ्तराने दोन्ही टोकं सांभाळली. बडोद्यातल्या शाळकरी मुलालाही गोपाळराव आणि सयाजीराव एकच हे माहीत असतं. परातीतल्या तांदळाला दफ्तर नसतं. पूजा झाली की तांदूळ सारखे करतात, अक्षरं मोडतात आणि ते डब्यात परत जातात. माझ्या आईच्या नावबदलाचा तेवढाच पुरावा होता.

राजघराण्यातही बायकांच्या वाट्याला वेगळं आलं. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या राजकन्या, माहेरच्या लक्ष्मीबाई. लग्नात त्या चिमणाबाई झाल्या. १८८५ साली ऐन तरुणपणी त्या वारल्या. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई राणी होऊन आल्या, आणि त्यांचंही नाव ठेवलं चिमणाबाई. इतिहासकारांना आता पहिल्या आणि दुसऱ्या असं लिहावं लागतं. माणूस गेलं, नाव जागेवर राहिलं आणि पुढच्या माणसावर घातलं. म्हणजे इथे चिमणाबाई हे नाव उरलंच नाही, ते पदाचं वर्णन झालं.

रावपुऱ्यात १८९६ साली बांधलेला चिमणाबाई टॉवर आहे. घड्याळाच्या या मनोऱ्याखालून जाताना मी बरोबरच्या लोकांना कधी कधी विचारते, या चिमणाबाई कोण? ज्यांना काही माहीत असतं ते दुसऱ्या चिमणाबाईंचं सांगतात, कारण सांगण्यासारखं त्यांच्याबद्दल आहे. १९११ साली हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ काढणाऱ्या, १९२७ साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झालेल्या. टॉवर मात्र पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ आहे. लोकांच्या मनातलं वर्णन दुसरीचं आणि दगडावरचं नाव पहिलीचं. रसेल खरा असता तर टॉवर केव्हाच दुसरीचा झाला असता. तो पहिलीचाच आहे, कारण नाव देणाऱ्यांनी ते जिच्यासाठी दिलं तिच्यापर्यंतची साखळी अजून शाबूत आहे. पण त्या साखळीचं तिच्या बाजूचं टोक 'चिमणाबाई' पाशी थांबतं. तंजावरच्या लक्ष्मीबाईंपर्यंत ती पोचवायला पुस्तक उघडावं लागतं. मला हे बघून दर वेळी वाईट वाटतं. विशी ओलांडते न ओलांडते तोच गेलेली मुलगी, आणि तिच्या नावाचा मनोरासुद्धा तिच्या नावाचा नाही.

परंपरेचं नाव पुढे करणाऱ्यांनी परंपरा नीट वाचावी, असं मला मनापासून वाटतं. पतंजलीने महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथात शब्दांचे चार प्रकार सांगितले: जाती सांगणारे, गुण सांगणारे, क्रिया सांगणारे, आणि चौथे यदृच्छाशब्द, म्हणजे कुणीतरी आपल्या इच्छेने ठेवलेली नावं. मिलच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधी नावांना वेगळी ओळ मिळाली होती. त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला मुलाचं नाव कसं ठेवावं याचा याज्ञिकांचा नियमही पतंजली देतो. शेवटचे शब्द आहेत 'कृतं कुर्यान्न तद्धितम्'. नाव धातूपासून सरळ बनलेलं असावं, दुसऱ्या नामापासून ओढून काढलेलं, तद्धित, नसावं. मुलाला असं स्वतःच्या पायावरचं नाव. घरगुती संस्कारांचे नियम सांगणाऱ्या पारस्कर गृह्यसूत्रात हाच नियम येतो आणि लगेच पुढे मुलीबद्दल येतं: अक्षरं विषम, शेवटी आकार, आणि 'तद्धितम्'. तिचं नाव दुसऱ्या नावावरून साधलेलं चालेल. व्याकरणाच्या एका पारिभाषिक शब्दात केवढा फरक भरला आहे. तिचं नाव मुळात परावलंबी असायला हरकत नाही, हे गृहीत आमच्यापर्यंत परातीतून आलं. ते प्राचीन आहे हे मी मान्य करते. प्राचीन आहे म्हणून बरोबर आहे हे मान्य करत नाही.

काही बायकांना नवं नाव आवडतं, हेही खरं. माझ्या एका मावशीला तिचं माहेरचं नाव कधीच आवडलं नव्हतं, तांदळातलं नाव तिने आनंदाने घेतलं. तिने स्वतः निवडलं असेल तर ते तिचं दुसरं बारसं, आणि त्याला माझा आक्षेप नाही. पण निवड म्हणायला नकाराची सोय लागते. आईला कुणी विचारलं नव्हतं. तिला नाव कळलं ते पाहुण्यांबरोबरच. रूथ बार्कन मार्कस या अमेरिकन तर्कज्ञ बाईंचं उदाहरण मला इथे फार महत्त्वाचं वाटतं. विशेषनामं म्हणजे वर्णन न करणाऱ्या खूणचिठ्ठ्या, हे त्यांनी क्रिपकीच्या आधी, १९६१ साली मांडलं. त्यांचं लग्न १९४२ साली झालं, पण १९४६ सालचे निबंध त्यांनी माहेरच्या बार्कन नावाने छापले, आणि त्यातलं प्रसिद्ध सूत्र आजही 'बार्कन सूत्र' म्हणूनच शिकवलं जातं. पुढे त्यांनी मार्कस हे नाव जोडलं, बार्कन पुसलं नाही. रूथ तर कुणी बदलायला सांगितलंच नव्हतं. साखळीत एक कडी वाढली, तुटली नाही.

आता कचेरीकडे येते. गुजरातच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. मराठी घरात स्वतःचं नाव आधी. त्यात इथे बाईच्या नावाला 'बेन' जोडायची चांगली, आदराची रीत आहे. कुणी ते नावाला चिकटवून लिहितं, कुणी सोडून लिहितं, कुणी लिहीतच नाही. आईच्या पाच कागदांवर तिचं नाव चार प्रकारे आहे. माणसाला यात अडचण नाही. संगणक मात्र अक्षरं जुळवतो, आणि अक्षरं जुळली नाहीत की माणूस दुसरा ठरवतो. नाव म्हणजे अक्षरांची माळ, ही समजूत रसेलच्या समजुतीपेक्षाही तोकडी आहे.

याच शहराचं बघा. १९७४ साली, आईचं लग्न झालं त्याच वर्षी, बडोद्याचं अधिकृत नाव वडोदरा झालं. मराठीत आम्ही बडोदेच म्हणतो. विद्यापीठाच्या नावात बडोदा आहे, १९०८ साली निघालेल्या बँकेच्या नावात आहे, रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनची खूण आजही बीआरसी आहे. माझा पुण्याचा भाचा पाच वर्षांचा असताना पहिल्यांदा आला तेव्हा गाडीतून उतरेना, पाटीवर वडोदरा होतं आणि त्याला बडोद्याला आजीकडे जायचं होतं. क्रिपकीने १९७९ साली लंडनची दोन नावं घेऊन हेच कोडं घातलं होतं: दोन्ही नावं माहीत असूनही शहर एकच आहे हे एखाद्याला कळत नाही. भाच्याला उतरवायला आईचा प्लॅटफॉर्मवरचा चेहरा पुरला. आणि दोन नावं चालवल्याबद्दल बँकेकडे किंवा विद्यापीठाकडे कुणी सोगंदनामा मागितलेला नाही. शहराची साखळी सरकारने स्वतः सांभाळली. बाईची तिने सांभाळायची.

हे उलटं व्हायला हवं. आई, वडील, नवरा ही माहिती सरकारला हवी असेल तर ती वेगळ्या रकान्यात घ्यावी, नावात कालवू नये. जन्मनोंदीतलं नाव हेच आयुष्यभराचं मुख्य नाव धरावं आणि पुढची सगळी नावं त्याला जोडलेली नोंद म्हणून राहावीत, म्हणजे कोणत्याही नावाने शोधलं तरी एकच माणूस निघेल. आधारचा बारा आकडी क्रमांक कुणाची बायको हे सांगत नाही, कोणत्या घरची हे सांगत नाही, तरी माणूस धरून ठेवतो. मिलला हवं होतं ते शुद्ध नाव सरकारने स्वतःच बनवलं आहे. मग बाईच्या नावाकडून अजून नवऱ्याची माहिती का वदवून घ्यायची? महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी आणलं, त्याचं मला कौतुक आहे. पण त्याच निर्णयात विवाहित बाईसाठी तिचं नाव, पतीचं नाव, आडनाव ही जुनी रीत चालू ठेवली. लावायच्या नावांत एक भर पडली. ठेवलेल्या नावाचं रक्षण त्यात नाही.

आणि घरांनी तांदळातलं नाव बंद करावं, किंवा तिचंच नाव तांदळात लिहावं. यासाठी कुठल्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

पाचव्या खेपेआधी आम्ही सोगंदनामा टाइप करायला बसलो. टायपिस्टने नेहमीच्या पद्धतीने सासरचं नाव आधी, मग 'उर्फ', मग माहेरचं नाव असं छापलं. आईने चष्मा लावून वाचलं. उर्फ हा मूळचा अरबी शब्द, लोकांत ज्या नावाने ओळखतात ते. तिने विचारलं, "माझं नाव मागे का टाकलं? ते आधीचं आहे." टायपिस्ट म्हणाला, काही फरक पडत नाही, कचेरीत दोन्ही चालतं. वकिलांनीही तेच सांगितलं. स्टॅम्प पेपर वाया जाणार होता, पाऊस यायच्या बेतात होता, मीही म्हटलं, आई, राहू दे. ती उठून पर्समधून पैसे काढायला लागली. नवा स्टॅम्प पेपर आणला, आणि टायपिस्ट माहेरच्या नावाचं पहिलं अक्षर छापेपर्यंत ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली.